दोन समानतांमधील अंतर

शालेय भूमितीत कोनांचे संबंध एकापाठोपाठ एक शिकवले जातात: दोन रेषा परस्परांना छेदल्या की समोरासमोर होणारे विरुद्ध कोन समान असतात, आणि दोन समांतर रेषांना तिसरी रेषा, म्हणजे छेदिका, छेदते तेव्हा त्या रेषांच्या आत, छेदिकेच्या दोन बाजूंना होणारे व्युत्क्रम कोनही समान असतात. कोनमापकाने दोन्ही विधाने सारखीच पडताळता येत असल्यामुळे ती एकाच जातीची वाटतात. त्यांचा तार्किक आधार मात्र निराळा आहे.

विरुद्ध कोनांच्या समानतेला फारसे काही लागत नाही. सरळ रेषेवर लगत असलेल्या, म्हणजे रेषीय जोडीतील, कोनांची बेरीज 180° असते. दोन्ही विरुद्ध कोन एकाच तिसऱ्या कोनाशी अशी जोडी करतात, तेव्हा ते समान असण्यावाचून गत्यंतर नसते.

व्युत्क्रम कोनांचे तसे नाही. इ.स.पू. 300च्या सुमारास युक्लिडने रचलेल्या 'एलिमेंट्स'च्या पहिल्या पुस्तकात, व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर असतात, हे 27वे प्रमेय पाचव्या गृहीतकाशिवाय सिद्ध होते. पण त्याचा व्यत्यास, म्हणजे रेषा समांतर असतील तर ते कोन समान असतात हे 29वे प्रमेय, त्या गृहीतकाविना उभे राहत नाही. छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल तर रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला मिळतात, असे ते गृहीतक सांगते. पहिल्या 28 प्रमेयांत युक्लिडने ते कोठेही वापरलेले नाही, आणि हा संयम त्याच्या सिद्धतांइतकाच बोलका आहे.

हे गृहीतक नाकारले तर विसंगती निघेल, या आशेने गणितज्ञ साकेरीने 1733 मध्ये मोठा खटाटोप केला. लोबाचेव्हस्कीने 1829 मध्ये तो नकारच स्वीकारून नवी भूमिती प्रसिद्ध केली. तिथेही विरुद्ध कोन समानच राहतात, पण समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन समान असतीलच असे नाही, आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180° हून कमी भरते. साहजिकच आहे, कारण त्या बेरजेची नेहमीची सिद्धता शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांवरच विसंबते. म्हणजे रेषीय जोडीचे 180° आणि त्रिकोणाचे 180° हे आकड्याने एक असले तरी आधाराने एक नाहीत. वर्गात कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून जुळवण्याचा प्रयोग हा भेद दाखवू शकत नाही, कारण लोबाचेव्हस्कीच्या भूमितीत बेरजेतील तूट त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते आणि कागदाएवढ्या त्रिकोणात ती कोणत्याही कोनमापकाला जाणवणार नाही इतकी सूक्ष्म असू शकते.