छपराचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, १ राजे १९:१-८



मोशेच्या नियमशास्त्रात नवे घर बांधणाऱ्यासाठी एक लहानशी आज्ञा आहे. छपराला कठडा करावा. नाही तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत. लोक तेथे बसत, निजत. पेत्रही प्रार्थनेस छपरावरच गेला होता. ही आज्ञा कोणी पडल्यानंतरची नव्हे, तर पडण्यापूर्वीची आहे, हे ध्यानात घ्यावे. शेजाऱ्याला ढकलून देणे हे पाप, हे आपण सारेच मानतो. त्याच्यासाठी कठडा न बांधणे हेही पाप, हे आपल्या मनात सहसा येत नाही.

१ डिसेंबर २०२२ रोजी जबलपूर शहरात दमोह नाक्याजवळ सिग्नलपाशी काही वाहने उभी होती. मागून शहर बस आली. ती थांबली नाही. उभ्या वाहनांना धडका देत ती पुढे गेली आणि माणसे जखमी झाली. चालकाला गाडी चालवतानाच हृदयविकाराचा झटका आला होता. त्यात त्याचा अंत झाला. त्या दिवशी तो दारू प्यालेला नव्हता की बेफाम नव्हता. आपल्या नेहमीच्या कामावर बसलेला तो एक श्रमिक होता.

अशा प्रसंगी दोष कोणाचा हे विचारण्याची आपल्याला घाई होते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून प्रभूने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे वळविले (लूक १३:४-५). आपणही त्या मृत बंधूचा न्याय करू नये. त्या वर्षी भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. आपण एवढेच विचारावे की, ज्याच्या हाती आपण आपली मुलेबाळे सोपवितो, त्याच्याभोवती आपण कोणता कठडा बांधला आहे?

याच जबलपुरात १९६९ साली स्थापन झालेला व्हेईकल फॅक्टरी हा कारखाना आहे. सैन्याच्या मालमोटारी तेथे तयार होत आल्या आहेत. यंत्र तपासल्यावाचून रस्त्यावर आणू नये, हे या नगरीला शिकवावे लागत नाही. कायदाही तेच सांगतो. व्यावसायिक वाहनाची योग्यता पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासावी लागते. चालकाचा व्यावसायिक परवाना मात्र पाच वर्षांनी नवा होतो, आणि डॉक्टरचा दाखला त्याच वेळी लागतो. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. पाच वर्षांत माणसाचा रक्तदाब चढतो, साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. लोखंडाची चौकशी वारंवार होते. देवाने आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केलेल्या देहाची क्वचित होते.

परवान्याच्या अर्जाबरोबर चालक आपल्या शारीरिक पात्रतेचे घोषणापत्र भरतो. फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा विकार आहे काय? पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट दिसते काय? तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय? रातांधळेपणा आहे काय? प्रश्न सोपे आहेत. उत्तर कधी कधी फार महाग असते. सत्य लिहिले तर नोकरी जाईल, मुलांची फी थांबेल, म्हाताऱ्या आईचे औषध थांबेल. म्हणून हात थरथरतो आणि 'नाही' असे लिहितो. हे असत्य आहे, आणि त्याने परक्याचा जीव धोक्यात येतो; ते सौम्य शब्दांत सांगता येणार नाही. परंतु सत्य बोलणाऱ्याची भाकर हिरावून घेणारा समाज त्या असत्याचा भागीदार नाही काय? एकमेकांची ओझी वाहण्यास प्रेषित पौल गलतीकरांस सांगतो. आपल्या बंधूच्या सत्याची किंमत मंडळीने वाटून घेणे, हेच ओझे वाहणे होय.

आता दुसरा शास्त्रपाठ पाहा. ईजबेलीच्या भयाने पळालेला एलीया थकून एका झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला अविश्वासाबद्दल बोल लावला नाही. त्याने त्याला झोपू दिले. मग दूताने उठवून भाजलेली भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि पुन्हा उठवून जेवू घातले; कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. आधी झोप, मग भाकर, मग होरेबाचा प्रवास, असा देवाचा क्रम आहे. आपला क्रम उलटा आहे. जबलपूरहून सिवनीच्या रानातून नागपूरकडे रात्रभर गाडी हाकणाऱ्या चालकाला आपण आधी पोहोचावयास सांगतो. झोपेचे पुढे पाहू म्हणतो. सतरा तास जागा असलेला मनुष्य रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो, असे संशोधनात दिसून आले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी झालेल्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. त्याच्या कितीतरी आधी शब्बाथाच्या आज्ञेत देवाने सांगून ठेवले की, तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही विसावा मिळावा (अनुवाद ५:१४).

मंडळीची बस अधिवेशनाला निघते. मागे आपण गीते गातो, डबे उघडतो. पुढे बसलेला मनुष्य जेवला काय, काल रात्री निजला काय, हे किती जण विचारतात? लग्नाचे वऱ्हाड पोहोचल्यावर पाहुण्यांना गाद्या मिळतात. चालक सीटवर अंग मुडपून पडतो, आणि पहाटे आपण पुन्हा त्याच्याच हाती स्वाधीन होतो. पुढच्या सहलीत दुसरा चालक किंवा एका रात्रीचा मुक्काम, याचा खर्च वर्गणीतच धरावा. त्याचे ताट आपल्या पंगतीत मांडावे. वर्षातून एक दिवस मंडळीच्या आवारात परिसरातील रिक्षा, बस व ट्रक चालकांचा रक्तदाब, साखर व डोळे तपासण्याची सोय करावी. ज्याला उपचारासाठी गाडीपासून दूर राहावे लागेल, त्याच्या घरचे धान्य मंडळीने भरावे.

आणि प्रिय चालक बंधूंनो, तुमच्यासाठी दोन शब्द. छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ जाणवली, तर पुढच्या थांब्याची वाट पाहू नका. गाडी कडेला घ्या व मदत मागा. मधुमेहाचे औषध घेऊन जेवण चुकवू नका. साखर एकाएकी उतरली तर शुद्ध हरपू शकते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी पेंग येते, म्हणून डॉक्टरांना आपला धंदा सांगून औषध घ्या. घोरणे मोठे असेल आणि दिवसा डोळे मिटत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. गाडी थांबविण्यात लाज नाही. एलीयासारखा संदेष्टाही झुडपाखाली निजला होता.

आजच आपल्या घराच्या छपराकडे पाहू या. कठडा कोठे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

प्रार्थना : हे करुणामय देवबापा, जे रात्रंदिवस आम्हांला वाहून नेतात, त्यांच्या देहाकडे आम्ही पाहिले नाही, याची क्षमा कर. त्यांना सत्य सांगण्याचे धैर्य दे, आणि ते सत्य प्रीतीने ऐकण्याचे सामर्थ्य आम्हांला दे. रस्त्यावर आप्त गमावलेल्यांचे सांत्वन कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.