धीराची किंमत

माघ सरत आला की वसईकडच्या वाड्यांत थंडी केवळ पहाटेपुरती उरते. वाफे नव्याने भाजले जातात, मांडवासाठी बांबू उतरवले जातात आणि दुधी, कारली, काकडी यांच्या बिया डब्यांतून बाहेर पडतात. आमच्या धर्मगुरुनिवासाच्या मागे विहिरीपासून कुंपणापर्यंत जेमतेम अर्धा गुंठा जागा आहे. चार वर्षांपूर्वी या धर्मग्रामात आलो तेव्हा तेथे परसबाग करण्याचे आम्ही ठरवले. आमचे वडील वाडीत राबणारे. पण आम्ही पंधराव्या वर्षीच घर सोडून सेमिनरीत गेलो. तेव्हापासून हातांची ओळख पुस्तकांशीच अधिक झाली. वाडीवाल्याचा मुलगा असल्याने हे काम आपल्याला आपोआप येईल, असा आमचा समज होता. तो पहिल्याच वसंतात गळून पडला.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला सहनशीलतेवर आम्ही बरेच काही शिकलो होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हा गुण धैर्य या मुख्य सद्गुणाच्या पोटात बसवला आहे. दुःखाने मन खचून विवेकाने ठरवलेले चांगले हातून निसटू नये, एवढी राखण करणे हे त्याचे काम. मराठीला हे नाते वेगळे समजवावे लागत नाही. संकटात माणूस ‘धीर सोडत नाही’ आणि घाई करणाऱ्याला आपण ‘जरा धीर धर’ म्हणतो. दोन्हीकडे शब्द एकच. ‘सबुरी’त वाट पाहणे आहे, ‘सहनशीलते’त ओझे वाहणे आहे, ‘धीर’ मात्र या दोहोंना पुरून उरतो. हे सारे आम्हांला परीक्षेपुरते पाठ होते. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास तेर्तुलियनाने सहनशीलतेवर ग्रंथ लिहिला आणि आरंभीच कबुली दिली की, हा गुण आपल्यापाशी नाही. आजारी माणसाने आरोग्याविषयी बोलावे तसे आपण बोलत आहोत. त्या तासाला या कबुलीवर आम्ही हसलो होतो.

पहिल्या वर्षी वांगी, टोमॅटो आणि मिरचीचे बी आम्ही एकाच वाफ्यात दाट पेरले. ताजे शेण घातले. सकाळी मिस्सेनंतर पाणी, दुपारच्या प्रार्थनेनंतर पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. आठवड्याभरात वाफा हिरवा झाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही तो कौतुकाने दाखवू लागलो. मग एका सकाळी पाचसहा रोपे आडवी दिसली. मातीच्या पातळीवर त्यांची देठे दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक झाली होती. ऊन लागले असावे, असे समजून आम्ही आणखी पाणी घातले. चौथ्या दिवशी वाफ्यात काही उरले नाही.

वेदीसाठी फुले आणणाऱ्या एका मावशींनी वाफ्याकडे एकदाच पाहिले. “फादर, तहानेनं नाही, पाण्यानं गेली ती,” त्या म्हणाल्या. “रोज काहीतरी केलंच पाहिजे असं कोणी सांगितलं तुम्हांला?”

कारण साधे आहे. माती सतत ओली आणि रोपे दाट असली की मातीतली बुरशी कोवळ्या देठाला पकडते. रोप कुजून कोलमडते. त्यावर उपायही साधेच: निचरा होईल असा गादीवाफा, विरळ पेरणी, चांगले कुजलेले शेणखत, सकाळी एकदाच झारीने हलके पाणी. पण आमच्या मनात राहिला तो मावशींचा प्रश्न. अधीरपणा म्हणजे दुर्लक्ष किंवा राग, असे आम्ही आजवर समजत होतो. येथे तो प्रेमाच्या आणि सेवेच्या रूपाने, हातात झारी घेऊन आला होता.

दुसऱ्या वर्षी गादीवाफा केला. कारल्याच्या बिया रात्रभर भिजवून लावल्या. दहा दिवस झाले, काही वर येईना. कारल्याच्या बीचे कवच टणक असते आणि माती पुरेशी तापल्याखेरीज ते लवकर उघडत नाही, हे आम्हांला सांगितलेले होते. तरीही बोटाने उकरून पाहिलेच. तिसऱ्या बीला पांढरा कोंब आला होता. तो आमच्याच नखाने मोडला.

दुधीच्या वेलाची गोष्ट सांगताना तर आजही संकोच वाटतो. मांडवावर दोन वेल चढले होते. तिन्हीसांजेला पांढरी फुले उमलत, पण एकही दुधी न धरता गळून पडत. तीन आठवडे हे पाहिले, वेल वांझ आहे असा निर्णय दिला आणि एक वेल मुळासकट उपटला. दुसराही उपटायचा होता, पण तेवढ्यात कोणाच्या तरी आजारपणाचे बोलावणे आले आणि नंतर आळसामुळे तो राहून गेला. त्याच वेलाने पुढे अकरा दुधी दिले. दुधीच्या वेलावर आधी नरफुले येतात. पाठीशी इवला दुधी घेऊन येणारी मादीफुले मागाहून येतात. ज्याला आम्ही अपयश म्हणत होतो तो त्या वेलाचा नेहमीचा क्रम होता.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. दुसरा वेल वाचला तो आमच्या आळसामुळे. बाहेरून पाहणाऱ्याला आळस आणि धीर यांतला फरक कसा कळावा? दोघेही हात लावत नाहीत. संत ऑगस्टीन यांनी हा प्रश्न दुसऱ्या अंगाने मांडला आहे: दरोडेखोरही लुटीसाठी थंडी, भूक आणि जागरण सोसतो, पण त्याला आपण सहनशील म्हणून गौरवत नाही. केवळ सोसणे पुरेसे नाही. कशासाठी सोसतो ते पाहावे लागते. त्याच न्यायाने केवळ थांबणेही पुरेसे नसावे. संत लूकच्या शुभवर्तमानातला माळी फळ न देणाऱ्या अंजिरासाठी मालकाकडे आणखी एक वर्ष मागतो, पण त्या वर्षात झाडाभोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. त्याच्या धीराला मुदत आहे आणि मेहनतही आहे. पुढल्या वर्षी अंजीर आले की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही.

याच संदर्भात आम्हांला ब्रनो येथील मठाची बाग आठवते. तेथे ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन संन्याशाने १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे वाटाण्यावर प्रयोग केले. त्याआधीची दोन वर्षे निरनिराळी वाणे आपापल्या गुणांत शुद्ध आहेत की नाहीत, एवढेच पाहण्यात घालवली. निबंध १८६६ साली छापला गेला. त्याचे मोल जगाला १९०० साली कळले, तेव्हा मेंडेल जाऊन सोळा वर्षे झाली होती. ही गोष्ट धीराच्या विजयाची म्हणून नेहमी सांगितली जाते. आम्हांला तिचा कमी सांगितला जाणारा भाग अधिक जवळचा वाटतो. वाटाण्यानंतर मेंडेल यांनी हॉकवीड नावाच्या रानफुलावर अनेक वर्षे खर्ची घातली. त्या बारीक फुलांवर काम करता करता डोळे शिणले, आणि वाटाण्याचा नियम तेथे काही केल्या दिसेना. ती वनस्पती बहुधा परागीकरणावाचूनच बी धरते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी उमगले. धीर तोच, माणूस तोच, हाती आले ते मात्र कोडे. फळावरून धीराची परीक्षा करू लागलो, तर मेंडेल यांना अर्ध्या आयुष्यापुरतेच उत्तीर्ण करावे लागेल.

चुकतमाकत शिकावे, असे आपण सहज म्हणतो. पण आमच्या चुकांची किंमत आम्ही दिली नाही. ती वांग्याच्या रोपांनी दिली, कारल्याच्या कोंबाने दिली. रोपांपुरते हे चालून जाते. बियांचे पाकीट पुन्हा मिळते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, पुनरुत्थानाच्या जागरणविधीसाठी आम्ही मुलांकडून वाचने बसवून घेत होतो. एक बारा वर्षांचा मुलगा अडखळत वाचत असे. आम्ही प्रत्येक शब्दाला त्याला थांबवले, उच्चार दुरुस्त केले, शाळा सुटल्यावर वेगळे बोलावले. चांगले करण्याचीच इच्छा होती. जितके अधिक शिकवले तितका तो अधिक अडखळू लागला. तिसऱ्या तालमीला सर्वांदेखत त्याच्या हातातला कागद घेऊन आम्ही दुसऱ्याला दिला. त्यानंतर तो मिस्सेला येई, पण मागच्या बाकावर बसे.

माणूस म्हणजे रोप नव्हे. त्याला स्वतःची इच्छा असते, घर असते, शेकडो कारणे असतात. आमच्या एका कृतीने त्याचे आयुष्य वळले, असे मानणे हाही एक अहंकारच असेल. तरीही त्या कोलमडलेल्या वाफ्यापाशी उभे असताना आम्हांला तोच आठवला. गेल्या वर्षी एका अंत्यविधीला तो भेटला. आम्ही विषय काढला, क्षमा मागितली. “फादर, मला तर काहीच आठवत नाही,” तो हसून म्हणाला आणि त्याने आपल्या मुलीला आमच्या पाया पडायला सांगितले. खरोखरच आठवत नव्हते, की आम्हांला मोकळे करण्यासाठी तो तसे म्हणाला, हे आम्ही विचारले नाही.

यंदा वांग्याची चाळीस रोपे उगवली. काल सकाळी मोजली तेव्हा एकतीस उभी होती. मावशी म्हणाल्या, आज पाणी नको. झारी विहिरीच्या कठड्यावर उपडी ठेवली आहे.