पिशवीवरचं नाव

अमेरिकेच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटमध्ये ओ गटाच्या सैनिकांचं रक्त मोहिमेआधीच तपासून ठेवतात. ज्यांच्या रक्तात ए आणि बी गटांविरुद्धची प्रतिपिंडं कमी, ते सगळ्या तुकडीचे दाते. कुणी रक्तबंबाळ होऊन पडला, की मेडिक त्यांच्यातल्याच एकाच्या दंडातून साधारण ४५० मिलिलिटर रक्त काढतो आणि कोमट असतानाच जखमीला चढवतो. नुसतं सलाइन दिलं तर आहे ते रक्तही पातळ होतं, गोठायचं विसरतं. २००१ ते २०११ मधल्या अमेरिकन युद्धमृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांना वाचवता येणं शक्य होतं त्यांतले सुमारे ९० टक्के रक्तस्रावानेच गेले होते.

इथवर माझ्यातला इंजिनियर खूश असतो. फ्रीज नाही, पुरवठ्याची साखळी नाही, माणूसच साठा.

आता समजा, शेजारीच शत्रूचा एक सैनिक जखमी पडलाय, आणि त्याची अवस्था जास्त वाईट आहे. १९४९च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं बारावं कलम सांगतं की उपचारांचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीवर ठरेल. वाचताना मी मान डोलावली होती. पण दाता तिथेच बसलाय, कोपरात कापूस दाबून. त्याने रक्त मित्रासाठी दिलंय.

मी ऑफिसच्या शिबिरात रक्त देतो, बिस्किटं खातो, जागेवर येऊन बसतो. ते कुणाला गेलं हे मला कधीच कळत नाही. स्वतःला निःपक्षपाती समजायचो. खरं तर तशी परीक्षाच झाली नव्हती. रक्तपेढी माझ्या वतीने विसरते.

विसरू दिलं नाही तर काय होतं, तेही घडून गेलंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेडक्रॉसने आधी कृष्णवर्णीयांचं रक्त नाकारलं, मग १९४२ पासून घेतलं, पण वेगळं ठेवून. वंशाची ही चिठ्ठी १९५० पर्यंत टिकली. शास्त्रीय आधार शून्य. मित्रासाठी दिलेलं रक्त आणि हे एकाच तराजूत घालणं मला पटत नाही. मैत्री म्हणजे द्वेष नव्हे. तरी ‘आपल्या माणसालाच’ हा हट्ट दोन्हीकडे आहेच.

मला वाटतं, पिशवी भरली की ती दात्याची राहत नाही. मात्र सुई टोचण्याआधी त्याला हे सांगायला हवं. आणि तो म्हणाला, ‘मग मी देत नाही,’ तर? मेडिकने आग्रह करावा, असं मी म्हणू शकत नाही. तेवढ्यात मित्राचं रक्त वाहतच असतं.