कच्चं मडकं आणि वाकलेली पिन



वारकऱ्यांच्या मासिकात कॉम्प्युटरची गोष्ट कशाला, असं कुणी माउली म्हणेल. लिहायला बसलो तेव्हा मलाही तसंच वाटलं. पण मागल्या कार्तिकीच्या आधी आमच्या घरात जे घडलं ते मनातून जात नाही, आणि ते खरं तर कॉम्प्युटरचं नाहीच, माझ्या गळ्यातल्या माळेचं आहे.

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावर, अहमदपूरच्या बाजूला. आम्ही दोघे भाऊ एकत्र राहतो. धाकट्याचा मुलगा नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत सोयाबीन लातूरच्या अडतीवर घातलं आणि भावानं त्यातले 35 हजार पोराच्या कॉम्प्युटरसाठी बाजूला काढले. मी म्हटलं, लॅपटॉप घे, पिशवीत घालून नेता येतो. तर तो म्हणाला, ‘काका, तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त दमाचा मिळतो. बिघडला तर एकेक भाग बदलता येतो. मी सुटे भाग आणून स्वतः जोडणार.’

लातूरच्या एका दुकानातून भाग आले: कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, 8-8 जीबीच्या दोन रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा. मॉनिटर नांदेडहून जुनाच घेतला. देवघरासमोर चादर अंथरून पोरगा बसला. आधी त्यानं घराचं अर्थिंग पाहायला लावलं. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं, त्या साली अर्थिंगला घागर ओतायचं कुणाला सुचणार? जे तेव्हा राहिलं ते राहिलंच. फ्रिजला हात लावला की बारीक मुंग्या यायच्या आणि आम्ही त्याची सवय करून घेतली होती. पोरानं दोन घागरी ओतल्या, तारेचा गंजलेला जोड घासून आवळला आणि मग कामाला लागला.

चुका होत गेल्या. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळेचे छोटे खांब लावायचे असतात, तो ते विसरला. वीज देण्याआधी ध्यानात आलं, नाहीतर सगळं जागेवर शॉर्ट झालं असतं. पंख्याच्या बुडाची प्लास्टिकची पापुद्री काढायची राहिली, म्हणून पंखा पुन्हा खोलला. मग बटण दाबलं तर पंखे फिरले आणि पडदा काळाच. प्रोसेसरला वीज देणारी वरच्या कोपऱ्यातली वेगळी वायर जोडलीच नव्हती. प्रत्येक वेळी तो हसायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. आम्हीही हसत होतो.

कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो, हे मला त्या दिवशी कळलं. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवणारं काही आहे का, हे पाहिल्याशिवाय तो पुढचं काम हाती घेत नाही. या बोर्डावर त्यासाठी चार बारीक दिवे होते. रॅमचा दिवा लागला आणि विझेचना. ‘काका, पुढं जाईना गेलंय,’ पोरगा म्हणाला. त्यानं दोन्ही रॅम आलटून पालटून लावून पाहिल्या. एका खाचेत दोन्ही चालत, दुसरीत एकही नाही. म्हणजे दोष रॅमचा नाही, बोर्डाचा. मग त्यानं प्रोसेसर काढला आणि माझ्याकडं भिंग मागितलं. मी ज्ञानेश्वरी वाचतो ते भिंग.

त्या जातीच्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक 1700 पिना असतात. भिंगातून दोन पिना आडव्या पडलेल्या दिसल्या. सॉकेटवर एक काळी प्लास्टिकची टोपी येते. ती हातानं काढायची नसते. प्रोसेसर ठेवून दांडी लावली की ती आपोआप उडते. नवखी मुलं आधी टोपी काढतात, यानंही तेच केलं आणि तेव्हा बोटाचं टोक पिनांना लागलं. सुईनं एक पिन सरळ झाली. दुसरी मुळातून तुटली.

पोराचं हसू गेलं. बोर्ड 8 हजारांचा होता.

आणि मी म्हणालो, ‘लातूरला नेऊन दे. सांग, डबा उघडला तेव्हाच पिना अशा होत्या.’

हे भाऊ म्हणाला नाही, पोरगाही म्हणाला नाही. मी म्हणालो. हातात भिंग होतं, गळ्यात माळ होती, चार दिवसांनी पंढरपूरला निघायचं होतं. पोरगा काही बोलला नाही. भाऊ म्हणाला, ‘दादा म्हणतात ते बरोबर आहे.’

संध्याकाळी हरिपाठाला बसलो. ओठ अभंग म्हणत होते आणि मन दुकानदारापुढं बोलायचं वाक्य जुळवत होतं. वाक्य चांगलं जुळत होतं, हेच वाईट होतं.

रात्री तेरची गोष्ट आठवली. तेर आमच्यापासून फार लांब नाही. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटणं पाहून हे काय म्हणून विचारलं. कोणतं मडकं कच्चं, कोणतं पक्कं ते याच्यानं कळतं, असं काकांनी सांगितलं. मग आम्हालाही तपासा, असा मुक्ताबाईंचा आग्रह झाला. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. बाकी सगळे स्थिर राहिले, नामदेवराय रागावले, आणि काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. नामदेवराय रुसून पांडुरंगाकडं गेले, देवानं त्यांना विसोबा खेचरांकडं धाडलं, आणि औंढ्या नागनाथाच्या देवळात पुढचं सगळं घडलं.

कीर्तनात ही कथा आपण अहंकाराची म्हणून ऐकतो. ती तशी आहेच. पण कुंभाराच्या तोंडी ‘कच्चं’ ही शिवी नसते, हे मात्र आपण विसरतो. कच्चं मडकं कुंभार फेकत नाही, आव्यात घालतो. आव्यात जाण्याआधी ते तडकलं तरी माती पाण्यात भिजवून, मळून पुन्हा चाकावर येते. भाजलेलं फुटलं की मात्र खापर होतं, त्याची माती पुन्हा होत नाही. म्हणजे कच्चेपण ही एका अर्थी सवलत आहे. पोराला ती होती. त्यानं टोपी आधी काढली, त्याला ठाऊक नव्हतं. पितळेचे खांब विसरला, पुढच्या वेळी विसरणार नाही. पण माझं काय? चाळीस वर्षं आव्यात भाजून निघालो असं समजणाऱ्यावर एका तुटक्या पिनेचं थापटणं पडलं, आणि आवाज कसला आला ते मी वर लिहिलंच आहे.

भाऊ म्हणाला तेही मोडून काढण्यासारखं नव्हतं. कंपनी मोठी आहे, तिला असे शंभर बोर्ड परत येत असतील, तिनं ते किमतीत आधीच धरलं असेल. इकडं सोयाबीनचा भाव कुणाच्या हातात नाही. शेतकऱ्याला कुणी सवलत देत नाही, मग त्यानंच एवढं सोवळं का पाळावं? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. धर्माच्या गप्पा भरल्या पोटी सोप्या असतात. पण नीट पाहिलं तर कंपनी अशी फसत नाही. सर्व्हिस सेंटरवाले आधी सॉकेट पाहतात, पिन वाकलेली दिसली की गॅरंटी नाकारतात. म्हणजे आमचं खोटं पचलं असतं तर 8 हजारांचा खड्डा लातूरच्या त्या दुकानदाराला पडला असता. तोही कुणाचा तरी भाऊच.

त्याहून खोलातली गोष्ट मला नाथमहाराजांमुळं दिसली. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली. नाथांनी पैठणला तिची शुद्ध प्रत केली शके 1506 मध्ये. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं ग्रंथ हातानं उतरला जात होता. उतरणाऱ्यांचे डोळे शिणले असतील, ओळ सुटली असेल, अक्षर लागलं नसेल. त्यांना कुणी पापी म्हणणार नाही, त्यांच्याच चुकतमाकत चालणाऱ्या हातांनी ग्रंथ आपल्यापर्यंत आणला. नाथांनी पाठ ताडून पाहिले, चुका दुरुस्त केल्या. मात्र कुणी आपल्या पदरची ओवी मध्ये घालू नये, हे त्यांनी निक्षून सांगितलं. हात चुकून अक्षर बदलणं वेगळं आणि जाणून भर घालणं वेगळं. चुकलेलं अक्षर शोधता येतं, कारण ते कुठंतरी खटकतं. पदरची ओवी छंदात बसवलेली असते, खटकू नये म्हणूनच ती रचलेली असते, आणि म्हणून पुढच्या वाचणाऱ्याला खरं काय ते कळेनासं होतं.

मी दुकानदारापुढं बोलायचं जे वाक्य जुळवत होतो ती माझ्या पदरची ओवी होती. पोराच्या हातून अक्षर चुकलं होतं, तेवढंच. ‘डबा उघडला तेव्हाच असं होतं’ हे चारदा बोलला असता तर पाचव्यांदा त्याला स्वतःलाच खरं वाटलं असतं. मग टोपी कशी काढायची हे तो कशाला शिकला असता? 8 हजार मोजून घेतलेला धडा आम्ही परत करून आलो असतो आणि वर म्हटलं असतं, पैसे वाचले.

पहाटे उठून मी भावाला म्हणालो, ‘खरं सांगायचं.’ तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘तुमी म्हणाल तसं. पण दादा, नवा बोर्ड घ्यायला पैसे नाहीत.’ हे खरंच होतं.

पोराला घेऊन मीच लातूरला गेलो. दुकानदारानं बोर्ड उजेडात धरला. ‘टोपी आधी काढली का?’ पोरगा म्हणाला, ‘हो. हातानं काढली. बोट लागलं.’ दुकानदार म्हणाला, ‘सगळेच काढतात. पण हे गॅरंटीत बसत नाही, भाऊ.’ त्यानं बोर्ड बदलून दिला नाही, सूटही दिली नाही. देण्याचं कारणही नव्हतं. दोन रॅम घेऊन एक 16 ची देऊ का, वरचे पैसे लागतील, असं त्यानं विचारलं. तेवढे खिशात नव्हते. मग म्हणाला, एका खाचेवर चालवा, काही होत नाही, थोडं हळू चालेल एवढंच.

परतताना एसटीत मी पोराला विचारलं, ‘मी ते सांगितलं तेव्हा तू गप्प का बसलास?’

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असंल वाटलं. तुम्ही वारी करता. मला आपलं वाटत होतं की नको, पण म्हटलं माझंच चुकत असंल.’

शिरूर ताजबंद येईपर्यंत मी काही बोललो नाही. माझं मडकं कच्चं निघालं याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट आता कळली. पोराचा स्वतःचा दिवा बरोबर लागला होता, काहीतरी बिघडलंय असं तो सांगत होता, आणि माझ्या माळेकडं बघून तो त्या दिव्यालाच खोटा ठरवायला निघाला होता. मोठ्या माणसाची चूक त्याच्यापाशी थांबत नाही, असं आपण सहज बोलून जातो. माझी चूक तर लहानाला त्याच्या खरेपणाबद्दलच शंका घ्यायला लावत होती. त्याची भरपाई कशी करायची ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणालो, ‘तुझं बरोबर होतं. माझं चुकलं.’ तो एकदम अवघडला. ‘जाऊ द्या काका,’ म्हणाला.

तीन दिवसांनी मी पंढरपूरला गेलो. दर्शनबारीत ज्यांनी माझ्या पायाला हात लावला, त्यांना मी या वेळी दरवेळेपेक्षा अंमळ घाईनं उठवलं.

कॉम्प्युटर 8 जीबीवर चालतो. हळू चालतो हे खरं, चित्रकामाचं सॉफ्टवेअर उघडलं की पोरगा उठून पाणी पिऊन येतो. दुसरी रॅम कागदात गुंडाळून देवघराच्या फडताळात ठेवली आहे. यंदा सोयाबीन बरं झालं तर बोर्ड घेऊ असं भाऊ म्हणतो. परवा गल्लीतल्या एका मुलाचा नवा बोर्ड आला, तो जोडायला पोराला बोलावलं होतं. मीही बघायला गेलो. पोरानं डबा उघडला आणि सगळ्यात आधी त्या मुलाला काळी टोपी दाखवली.

‘हिला हात लावू नको,’ तो म्हणाला. ‘मी लावला होता.’