त्याच दाराशी पुन्हा

माणसाचा चेहरा त्याचं वय चटकन सांगून टाकतो. आवाज मात्र बराच काळ ताकास तूर लागू देत नाही. कितीतरी वर्षांनी एखाद्या मित्राचा फोन येतो. तो ‘हॅलो’ म्हणतो आणि कॉलेजातला तो मुलगाच बोलतोय असं वाटतं. पलीकडचे पांढरे केस फोनवर दिसत नाहीत.

हे मनात आलं ते एका जपानी ॲनिमे मालिकेमुळे. ‘रान्मा १/२’ तिचं नाव. रुमिको ताकाहाशी यांची ही चित्रकथा १९८७ ते १९९६ या काळात एका साप्ताहिकातून क्रमशः येत होती. १९८९ मध्ये तिच्यावर मालिका सुरू झाली आणि १९९२ पर्यंत चालली. १६१ भाग झाले. मग २०२४ च्या ऑक्टोबरात माप्पा या स्टुडिओने ती नव्याने आणली. गोष्ट तीच, चित्रं सगळी नवी.

गोष्ट गमतीची आहे. रान्मा हा १६ वर्षांचा मुलगा. बापाबरोबर मारामारीच्या कलेचे धडे घेत चीनमध्ये हिंडत असताना तो एका शापित कुंडात पडतो. तेव्हापासून अंगावर गार पाणी पडलं की त्याची मुलगी होते आणि गरम पाणी ओतलं की पुन्हा मुलगा. बाप दुसऱ्याच कुंडात पडलेला, त्यामुळे त्याचा होतो पांडा. हे दोघे भर पावसात तोक्योच्या नेरिमा भागात एका जुन्या मित्राच्या दारात येऊन थडकतात. दोन्ही बापांनी मुलांचं लग्न परस्पर ठरवून टाकलेलं असतं. नियोजित वधू अकाने. तीही १६ वर्षांची, तीही लढण्यात तरबेज. मुलांचा मात्र तिला मनस्वी कंटाळा.

रान्माला आवाज दोन. मुलगा असताना काप्पेई यामागुची, मुलगी असताना मेगुमी हायाशिबारा. एकाच स्वभावाचे दोन गळे. अकानेला आवाज नोरिको हिदाका यांचा. १९८९ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा हे तिघंही विशीत होते. नव्या मालिकेसाठी याच तिघांना पुन्हा बोलावलं. तोवर यामागुची ५९ वर्षांचे, हायाशिबारा ५७ वर्षांच्या आणि हिदाका ६२ वर्षांच्या झाल्या होत्या. रान्मा आणि अकाने अजून १६ वर्षांचेच होते.

पहिल्या भागात एक प्रसंग आहे. मुलीच्या रूपातल्या रान्माशी अकानेची गट्टी जमते. घरात पाहुणा मुलगा आला नाही, मुलगी आली, याचं तिला बरंच वाटलेलं असतं. मग ती न्हाणीघराचं दार सरकवते आणि गरम पाण्यातून एक मुलगा उभा राहतो. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. क्षणभर कुणीच काही बोलत नाही. त्यानंतर जे व्हायचं ते होतं, आणि आपण हसतो.

हा विनोद उभा आहे तो अकानेच्या दचकण्यावर. हिदाका पहिल्यांदा या दाराशी दचकल्या तेव्हा २६ वर्षांच्या होत्या. पस्तीस वर्षांनी त्यांना त्याच दाराशी पुन्हा दचकायचं होतं. पलीकडे कोण आहे हे त्यांना ठाऊक. ज्यांनी जुनी मालिका पाहिली, त्यांनाही ठाऊक. मायक्रोफोनसमोर उभं राहायचं, हातातल्या संहितेचं पान आवाज न करता उलटायचं, समोरच्या चित्राच्या ओठांकडे बघायचं. आणि माहीत असलेल्या गोष्टीचं मनापासून आश्चर्य वाटून घ्यायचं.

दुःख पुन्हा आठवता येतं. राग पुन्हा आणता येतो. आश्चर्य हे फार नाशवंत. ते एकदाच येतं आणि वापरलं की संपतं. विनोद सांगणाऱ्याची अडचण हीच असते. शेवट त्याला आधीच माहीत असतो, आणि तरीही तो आत्ताच सुचल्यासारखा सांगावा लागतो.

विशीतल्या माणसाला सोळा वर्षांचं होण्यासाठी फार मागे जावं लागत नाही. ते वय अजून अंगात असतं. साठीतल्या माणसाला ते आत शोधावं लागतं. पहिल्या वेळी तारुण्य आवाजात आपोआप उतरतं, दुसऱ्या वेळी ते समजून उतरवावं लागतं. यातलं अस्सल कुठलं? पहिलं मिळालेलं असतं, दुसरं मिळवलेलं. दोन्ही आपापल्या जागी खरी.

सगळेच आवाज मात्र परतू शकले नाहीत. अकानेवर लट्टू झालेला कुनो नावाचा एक मोठ्या तोऱ्याचा विद्यार्थी या गोष्टीत आहे. मुलीच्या रूपातला रान्मा दिसला की तो तिच्यावरही भाळतो, आणि ती मुलगी कोण हे त्याला कळत नाही. त्याला आवाज देणारे हिरोताका सुझुओकी २००६ मध्ये गेले. आता कुनो तोमोकाझु सुगिता यांच्या आवाजात बोलतो. त्याचा तोरा तसूभरही कमी झालेला नाही.

जुनं पुन्हा करायला घेतलं की लोक विचारतात, गरज काय होती? पहिलं चांगलंच होतं की. प्रश्न रास्त आहे. पहिलं चांगलंच होतं, आणि ते कुठे गेलेलंही नाही. पण हा प्रश्न पडतो तो ज्यांनी पहिलं पाहिलंय त्यांना. बारा वर्षांच्या मुलीला तो पडत नाही. तिच्यासाठी ही नवी आवृत्ती नसतेच. तिच्यासाठी ही फक्त एक गोष्ट असते. ती दार उघडते आणि खरोखर दचकते. ‘पुन्हा’ हा शब्द करणाऱ्याच्या वहीत असतो, बघणाऱ्याच्या नाही.

आपल्या दिवसाचा मोठा भाग ‘पुन्हा’चाच असतो. तेच काम, तीच उत्तरं, तीच समजूत घालणं. आपल्याला ते पाठ झालेलं असतं, म्हणून आवाजातून जीव हळूच निघून जातो. समोरच्याला ते कळतं. त्याने मात्र ते पहिल्यांदाच विचारलेलं असतं. आज आपण जे काही पुन्हा करणार आहोत, त्यातलं काहीतरी कुणासाठी तरी पहिलंच असेल. ते नेमकं कोणतं, हे आपल्याला आधी कळायची सोय नाही. म्हणून सगळंच जरा मन लावून केलेलं बरं.