खुराक आणि जोर

२०१२ सालच्या मे महिन्यात पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढलं. मुंबईत लिटरचा भाव ७८ रुपयांच्या वर गेला आणि डिझेल ४५ च्या आसपासच राहिलं. नेमक्या त्याच आठवड्यात आमचे आण्णा आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला निघाले होते.

आण्णा प्राथमिक शिक्षक. निम्मी नोकरी सायकलवर, निम्मी स्कूटरवर झाली. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा आईचे गुडघे दुखायला लागले होते, तिला स्कूटरवर चढता येईना. मंगळवार पेठेतल्या बोळात वळेल अशी छोटी गाडी घ्यायची, एवढं ठरलं होतं. पेट्रोल की डिझेल, एवढंच ठरायचं होतं.

माझे दाजी औषधांचे व्यापारी. सकाळी कळंब्यावरून निघायचं, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा करत गारगोटीपर्यंत मेडिकल दुकानांना माल द्यायचा आणि दिवेलागणीला परत. दिवसाला ११० किलोमीटर. त्यांनी नुकतीच एक पांढरी डिझेल गाडी घेतली होती. रविवारी जेवायला आले की ताटावर बसूनच सांगायचे, "पेट्रोलवर किलोमीटरला पाच रुपये जायचे, आता अडीचच्या वर जात न्हाईत."

हे ऐकून मीच आण्णांच्या मागं लागलो. दाजींचा आकडा खरा होता. तो कुणाचा आकडा आहे, एवढं मी पाहिलं नाही.

बुकिंगच्या आधी आण्णा मला घेऊन शिवाजी उद्यमनगरात मेस्त्रींकडं गेले. हे मेस्त्री मूळचे ऑइल इंजिनवाले. खेड्यात वीज पोचली नव्हती तेव्हा पंचगंगेच्या काठानं उसाला पाणी चढवायचं ते डिझेलच्या इंजिनांनी, आणि ती इंजिनं उघडण्यात मेस्त्रींची उमेदीची वर्षं गेली. कोल्हापूरला डिझेलचं मोल कुणी शिकवायला नको. इथल्या फौंड्र्यांनी देशभरच्या इंजिनांचे भाग ओतले आहेत, आणि कागलच्या वसाहतीत किर्लोस्करांच्या कारखान्यात आजही डिझेल इंजिनं बनतात. त्यामुळं मेस्त्री डिझेलच सांगणार, याची मला खात्री होती.

त्यांनी हात पुसत विचारलं, "गुरुजी, दिवसाला किती पळवणार?"

आण्णांच्या आधी मीच बोललो. आता रिकामपण आहे, पंढरपूर होईल, गोवा होईल, पुण्याला ताई आहे.

"ह्ये मनातलं किलोमीटर झालं," मेस्त्री म्हणाले. "मी रोजचं इचारतोय."

रोजचं म्हणजे सकाळी कपिलतीर्थ मंडई, मग अंबाबाईचं दर्शन, संध्याकाळी गंगावेशीतला दूध कट्टा आणि रंकाळ्यावर एक चक्कर.

"मग पेट्रोल घ्या. न्हाईतर म्हैनाभर थांबा. स्कूटर जिथं जिथं जाईल ते वहीत लिवा आणि मग या."

मी म्हणालो, "मेस्त्री, तुम्ही जन्म डिझेलवर काढलात आणि आम्हाला पेट्रोल सांगता?"

"म्हणून तर सांगतोय. डिझेल म्हंजे पैलवान हाय, भावा. नदीवरचं इंजिन दिवसभर एका दमात पाणी वडायचं, म्हणून टिकलं. पैलवानाला खुराक घातला आणि जोर काढू दिला न्हाई, तर काय हुतं? अंगावर चरबी चढती. चार पायऱ्यांत धाप लागती. त्याला आखाडा पायजे. मंडईच्या पिशवीला पैलवान कशाला लावताय?"

आण्णा वाटेत गप्प होते. मी मात्र पंपावरच्या पाटीवरचे दोन भाव त्यांना पुन्हा दाखवले. डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा लाखभर रुपये जास्त आणि पाच महिन्यांचं वेटिंग होतं. वही लिहायला पाच महिने मोकळे होते. ती कोरीच राहिली. दिवाळीच्या सुमारास दाजींसारखीच, त्याच कंपनीची, त्याच पांढऱ्या रंगाची गाडी आमच्या दारात उभी राहिली.

तेव्हा न केलेला हिशेब आता करतो. किलोमीटरला अडीच रुपये वाचले तर जादाचा लाख रुपया भरून यायला ४० हजार किलोमीटर लागतात. दाजींनी ते पंधरा महिन्यांत ओलांडले. आण्णांच्या रोजच्या आठेक किलोमीटरला चौदा वर्षं लागली असती. आणि भाव कुठं थांबले? २०१३ पासून डिझेल महिन्याला थोडं थोडं वाढत गेलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं ते बाजारभावावर सोडलं, आणि २४ जून २०२० ला दिल्लीत तर डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. ज्या पाटीकडं बोट दाखवून मी वडिलांना गाडी घ्यायला लावली, तिच्यावरचे आकडे त्यांच्या हातात कधीच नव्हते.

सातव्या वर्षी गाडी कुरकुरायला लागली. बॅटरी दोनदा बसली. चढाला काळा धूर, पिकप नाही, समोर पिवळा दिवा. आई बसलेली असताना एकदा भर बिंदू चौकात बंद पडली आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून तिला रडकुंडीला आणलं. मेस्त्रींकडं नेली, तेव्हा मीटरवर २१ हजार किलोमीटर होते.

योगायोगानं दाजींची गाडीही क्लच प्लेट बदलायला तिथंच आली होती. तिचा मीटर २ लाख ३० हजारांच्या पुढं. मेस्त्रींनी दोन्ही गाड्यांचा एकच भाग काढून फळीवर शेजारी शेजारी ठेवला. धुरातला थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारा तो व्हॉल्व्ह. दाजींच्या व्हॉल्व्हवर कोरड्या काजळीचा पातळ थर होता. आण्णांचा डांबरासारख्या लगद्यानं जवळजवळ बुजला होता.

मेस्त्रींनी तेव्हा जे समजावलं ते मी विसरणार नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबायची, त्या दाबानं ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. एवढा दाब सोसायला इंजिन दणकट आणि जड लागतं, म्हणून ते महाग, आणि तापायलाही सावकाश. मंडई येईपर्यंत आण्णांचं इंजिन जेमतेम कोमट व्हायचं आणि बंद व्हायचं. परत येताना तेच. गार इंजिनात काजळी जास्त धरते, ती ऑइलच्या वाफेत कालवली जाते आणि नळ्यांतून थर चढत जातात. बिद्रीच्या रस्त्यानं तासभर तापून पळणाऱ्या गाडीत हे साचायला उसंतच मिळत नाही.

आण्णांनी लगद्याला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि रुमालाला पुसलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून शंभर पानी वही काढली, शिक्षकाच्या सवयीनं पट्टीनं रकाने आखले आणि लिहायला लागले. महिनाअखेरची बेरीज १९० किलोमीटर भरली. सगळ्यांत लांबची फेरी जोतिबाची. पंढरपूर आणि गोवा त्या वहीत कुठंच नव्हते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला. मारुतीनं डिझेल गाड्या बंदच केल्या आणि छोट्या गाड्यांत डिझेल शोधावं लागू लागलं. बीएस-६ च्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं तापून, न थांबता पळावी लागते. महाद्वार रोडच्या गर्दीत ते कसं व्हायचं? तरीही गेल्या वर्षी माझी लेक ताराबाई पार्कातल्या नोकरीसाठी गाडी बघायला लागली, तेव्हा तिला एक जुनी डिझेल गाडी फार स्वस्तात मिळत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात आण्णांनी कपाटातून दुसरी वही काढून तिच्या हातात दिली. तिनं ती महिनाभर इमानानं लिहिली. बेरीज २१४ किलोमीटर. तिनं पेट्रोल गाडी घेतली.

आण्णांची पांढरी गाडी मेस्त्रींनी साफ करून, व्हॉल्व्ह आणि नळ्या बदलून दाजींना दिली. दाजींचा थोरला तिच्यातून आता गारगोटीची लाइन करतो. सुरुवातीचा महिनाभर ती चढाला थोडा धूर टाकायची, मग तोही थांबला. आज तिचा मीटर दीड लाखाच्या पुढं आहे आणि मेस्त्रींकडं ती फक्त ऑइल बदलायला येते.