पंचनखभक्षण आणि हिंसेचा वाटा

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा सर्वश्रुत आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली शिरला आणि पारधी मागत असताही तो त्यांस दिला गेला नाही. शरणागताचे रक्षण हा या लीळेचा उघड अर्थ होय. परंतु ज्या जीवाला धावता येत नाही, आक्रोशही करता येत नाही, त्याने कोणाचा आश्रय शोधावा?

गंगा-यमुनेच्या खोऱ्यातील कासवांची स्थिती अशीच आहे. नदी-तलावांतून ती धरली जातात, पोत्यांत भरली जातात आणि मांसासाठी पूर्वेकडील बाजारांत पाठविली जातात. जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात ६,४०० हून अधिक जिवंत कासवे एकाच वेळी पकडली गेली. अन्नावाचून दीर्घकाळ तग धरण्याची कासवाची सहनशक्तीच व्यापाऱ्याच्या सोयीची ठरते.

येथे कोणी शंका घेईल की, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पंचनखी प्राण्यांपैकी ससा, साळिंदर, घोरपड, गेंडा यांजबरोबर कूर्मही भक्ष्य सांगितला आहे. मग दोष कोठे? याचे समाधान असे की, त्याच अध्यायात पुढे अनुमती देणारा, मारणारा, मांस तोडणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांस घातक म्हटले आहे. शिवाय भक्ष्यांच्या त्या यादीतलाच ससा सर्वज्ञांनी रक्षिला. अनुज्ञा असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे.

दुसरी शंका अशी की, कासव धरणारा बहुधा दरिद्री असतो. त्याच्या पोटाचे काय? हा आक्षेप हलका नाही. नदीकाठच्या माणसाने भुकेपोटी एक कासव धरणे आणि अन्य अन्न विपुल असता केवळ रुचीसाठी दूरच्या बाजारात ते विकत घेणे, यांत मोठे अंतर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा हात पोते वाहणाऱ्यापर्यंत पोहोचतो, ताटापर्यंत क्वचितच. म्हणूनच हा प्रश्न कायद्यापाशी संपत नाही, खाणाऱ्याच्या विवेकापाशी येतो.

हिंसा आठांत वाटली म्हणजे प्रत्येकाकडे तिचा अष्टमांशच राहतो, असे मानणेही भ्रामक होय. जीव विभागता येत नाही. ज्याच्या इच्छेने तो जातो त्याच्याकडे दोष पूर्णच राहतो. त्यातही कासवाला वयात येण्यास अनेक वर्षे लागतात. त्याची बहुतेक अंडी व पिले इतर प्राण्यांच्या मुखी पडतात, आणि वंश टिकतो तो प्रौढ मादी वर्षानुवर्षे अंडी घालीत राहिल्यामुळे. ती एक मादी गेली की पुढील अनेक वर्षांची संतती जाते. खाणाऱ्यास ताटात एक जीव दिसतो. नदीला अनेक जीवांची उणीव पडते.

तात्पर्य, सशाला जानूचा आश्रय सापडला; कासवाला तो शोधता येत नाही. तेव्हा त्याच्या शरण येण्याची वाट न पाहता घेणाऱ्यानेच हात आवरला पाहिजे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला अवयव आवरून घेणाऱ्या कूर्माची उपमा दिली आहे. ती वाचणाऱ्याने निदान जिव्हा तरी आवरावी.